सत्तेचाळिशीत सगळं ठीक आहे पण आनंद होत नाही, रोजच्या कुठल्या छोट्या सवयी लावू?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं थोडक्यात असं आहे. वय ४७, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टात, मुलगी इंजिनिअरिंगला बाहेरगावी, मुलगा दहावीत, सासूबाई सोबत. घरात भांडणं नाहीत, हप्ते वेळेवर जातात, नवरा समजूतदार. तरी कशाचा आनंद म्हणून होत नाही, दिवस नुसता उरकला जातो. पहाटे पाचला उठून पाहिलं, कृतज्ञतेची डायरी लिहिली, रोजची दहा हजार पावलं मोजली, तीन आठवड्यांत तिन्ही बंद. आता विचारतायत की खरंच फरक पडेल अशा छोट्या सवयी कुठल्या.

मी समुपदेशक आहे, बरीच वर्षं याच वयाची माणसं समोर बसतात आणि निम्म्याहून जास्त जण याच वाक्याने सुरुवात करतात, "तसा काही प्रॉब्लेम नाहीये हो". म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. तुम्ही करून पाहिलेल्या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या तिन्ही कामंच होती. दिवसभराच्या यादीत आधीच डबे, दूध, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा क्लास, ऑफिसचं टार्गेट, त्यात अजून तीन कामांची भर पडली आणि वर तिन्हींना मार्क, आज किती वाजता उठले, किती पावलं झाली, डायरी लिहिली का नाही. या वयात आपण सकाळपासून रात्रीपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या उपयोगाला येत असतो, त्यामुळे मी सांगते ती सवय बरोब्बर उलटी असते : ज्याचा घरात कोणालाही काडीचा उपयोग नाही, ज्यात मार्क नाहीत, अशी दहा-पंधरा मिनिटांची एक गोष्ट. आणि दुसरी अशी की ज्यात घराबाहेरचं एक तरी माणूस असेल. सुरुवातीला एवढ्या दोनच. बाकी सगळं याच्यानंतर.

पण त्याच्याही आधी एकदा रक्त तपासून घ्या. मी हे प्रत्येकाला सांगते आणि लोकांना वाटतं टाळतेय. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखर. थायरॉइड मंद असला की माणूस उदास आणि थकलेला दिसतो, आणि आपण त्याला वयाचा दोष देत बसतो. शिवाय भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास धरतात, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे, म्हणजे तुम्ही अगदी त्या टप्प्यात आहात. पाळी जायच्या आधीची काही वर्षं झोप मोडते, चिडचिड वाढते, कारण नसताना रडू येतं, आणि याला उपचार आहेत, सहन करायची शर्यत नाहीये ही. स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. आणि जर दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसातला बराचसा वेळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि मग सवयी-बिवयी नंतर, आधी डॉक्टर. केंद्र सरकारची टेलिमानस नावाची हेल्पलाइन २०२२ पासून आहे, १४४१६ नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटत नाही, पण लिहिण्यावरून कळतं असंही नाही.

आता "माझंच असं का" याबद्दल थोडं. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये बऱ्याच देशांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की समाधान तरुणपणी जास्त असतं, चाळिशीच्या मध्यापासून शेवटापर्यंत तळाला जातं आणि पुढे पुन्हा चढतं. यावर वाद आहेत, कारण वेगवेगळ्या वयाच्या वेगवेगळ्या लोकांची तुलना करून एका माणसाच्या आयुष्याचा आलेख काढता येतो का हा खरा प्रश्न आहे. गंमत म्हणजे २०१२ मध्ये ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटानांवर असाच अभ्यास झाला, त्यांना सांभाळणाऱ्या लोकांनी प्रत्येकाच्या समाधानाला गुण दिले, आणि तिथेही मधल्या वयात खड्डा निघाला. ना त्यांना होम लोन, ना मुलाची दहावी. मी हे क्लायंटना सांगते तेव्हा हटकून हसतात आणि खांदे जरा सैल होतात. आपलं काहीतरी चुकलं म्हणून असं होतंय हा जो आतून कुरतडणारा विचार असतो ना, तो थोडा बाजूला झाला तरी पुढचं काम सोपं होतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिलं काम एकदाच करायचंय, रोज नाही. कालचा दिवस लिहून काढा, पण सिनेमाच्या सीनसारखे तुकडे करून. सहा ते पावणेसात डबे, पावणेसात ते सात आंघोळ, मग स्टेशनपर्यंत रिक्षा, मग गाडी, मग ऑफिसातली पहिली मीटिंग, असं रात्री झोपेपर्यंत. प्रत्येक तुकड्यासमोर लिहा कोणाबरोबर होते आणि मन कसं होतं. ही पद्धत माझी नाही, डॅनियल कान्हेमान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांकडून असंच आदल्या दिवसाचं टिपण लिहून घेतलं होतं. त्यात माणसांशी गप्पा, जवळीक, निवांत बसणं हे वर होतं आणि ऑफिसला जाण्या-येण्याचा प्रवास आणि नोकरीचं काम तळाशी. मुलांची देखभालसुद्धा फार वर नव्हती, आणि हे वाचून अनेक आयांना हायसं वाटतं, मीच वाईट आई नाहीये म्हणून.

हे लिहिल्यावर साधारण दोन गोष्टी दिसतात. एक, ज्यात थोडं बरं वाटलं असे तुकडे असतातच पण ते इतके छोटे असतात की दिवस आठवताना गळून जातात, चार मिनिटं गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणं, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर लिफ्टपाशी हसणं. दुसरं, दिवसभरात "फक्त माझ्यासाठी" असा तुकडाच नसतो, आणि जो असतो तो रात्री साडेदहा ते बारा मोबाइल. त्या दीड तासासमोर मन कसं होतं लिहायला सांगितलं की लोक थांबतात, कारण तिथे ना आनंद ना दुःख, काहीच नसतं. मी मोबाइल सोडा वगैरे सांगत नाही, सोडत नाही कोणी. पण तो वेळ सुट्टीचा म्हणून घेतलेला असतो आणि सुट्टी मिळालेली नसते, एवढं एकदा स्वतःच्या अक्षरात दिसलं की पुढचं आपोआप होतं थोडंफार.

मग त्या यादीतला बरं वाटलेला सगळ्यात छोटा तुकडा उचला आणि तोच वाढवा. कुंड्या असतील तर कुंड्या, चार मिनिटांची दहा करा. नवीन छंद, नवीन क्लास, नवीन सामान काही नको. बिनउपयोगाची सवय कुठलीही चालते. मी बघितलेल्या लोकांत कोणी रोज एक शब्दकोडं सोडवतं, कोणी पेटीवर लहानपणची एकच गत वाजवतं, एक गृहस्थ संध्याकाळी मुद्दाम एक स्टॉप आधी उतरून वेगवेगळ्या गल्ल्यांतून घरी जायचे, कारण विचारलं तर म्हणायचे कारण नाही. एवढंच बघा की त्यातून काही "साध्य" व्हायला नको. चित्र काढायला लागलात आणि कोणी म्हणालं वा, ऑर्डर घ्यायला सुरुवात कर, की संपलं, ते काम झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर माझा खरा भर असतो. तुम्ही लिहिलंय "मूड असला की करते". नाही. या वयात मूडची वाट बघायची नाही, मूड नंतर येतो, कधीकधी बराच नंतर. नैराश्यावरच्या उपचारांत याला मोठा आधार आहे, पीटर लुइनसन यांनी १९७० च्या दशकात मांडलं की माणूस उदास होतो तेव्हा आवडीच्या गोष्टी कमी करतो, त्या कमी झाल्या की आणखी उदास होतो, आणि हे चक्र विचारांपेक्षा कृतीकडून तोडणं सोपं पडतं. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने उपचाराचे भाग वेगळे करून तपासले तर नुसती कृती वाढवणारा भाग अख्ख्या उपचाराच्या तोडीस तोड निघाला. तुम्हाला डिप्रेशन नसेल तरी यंत्रणा तीच आहे. म्हणून पहिले दहा-बारा दिवस कुंड्यांपाशी उभं राहून काहीही वाटणार नाही, मूर्खासारखं वाटेल, आत भांडी पडलीयेत असं वाटेल. वाटू दे. दहा मिनिटं झाली की आत जा.

सवय लागायला एकवीस दिवस हे डोक्यातून काढून टाका. ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या एका निरीक्षणावरून पसरलंय, आणि ते सुद्धा पेशंटला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान किती दिवस लागतात याबद्दल होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना घेऊन बारा आठवडे अभ्यास केला, २०१० मध्ये छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. म्हणजे तुम्ही तीन आठवड्यांत सोडलंत ते अपयश नव्हतंच, अर्ध्या वाटेवरसुद्धा पोचला नव्हतात. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. गणपतीचे दिवस आले, सासूबाई आजारी पडल्या, चार दिवस गेले, पाचव्या दिवशी पुन्हा कुंडीपाशी. साखळी तुटली वगैरे काही नसतं.

आणि सवय घड्याळाला न बांधता आधीच होत असलेल्या गोष्टीला बांधा. "रोज साडेसातला" हे आपल्या घरांत टिकत नाही, साडेसातला कोणीतरी बेल वाजवतंच. "दुधाचा गॅस बंद केला की गॅलरीत" हे टिकतं.

आता माणसांबद्दल. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, ७२४ पुरुषांपासून सुरू झाला, त्यात हार्वर्डची मुलंही होती आणि बॉस्टनच्या गरीब वस्तीतलीही. त्याचे सध्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत कोलेस्टेरॉल किती होतं यापेक्षा नात्यांत किती समाधानी होते यावरून ऐंशीतल्या तब्येतीचा अंदाज जास्त चांगला लागला. आपल्याकडे हे ऐकलं की लोक म्हणतात आमच्याकडे कुटुंब आहेच की. आहे ना, पण चाळिशीतल्या बाईच्या फोनची यादी बघा, शाळेच्या टीचर, गॅसवाला, नणंद, डॉक्टर, क्लासवाले, सगळे कामाचे फोन. काही कारण नसताना केलेला शेवटचा फोन कधीचा होता, हे मी विचारते तेव्हा पुरुष तर सरळ छताकडे बघतात. त्यांचं अवघड आहे खरंच, त्यांच्या मैत्र्या ऑफिस, क्रिकेट, बसणं यांच्यावर टांगलेल्या असतात आणि यातलं काही गेलं की मित्रही जातो. तुमच्या यजमानांना हे वाचायला द्या.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे ज्याचा हेवा करावा, डोंबिवलीची लेडीज डब्यातली सोबत. भाजी निवडणं, हळदीकुंकू, दसऱ्याला डबा सजवणं हे सगळं तिथे चालतं आणि तुम्ही लिहिलंय की तुम्ही हल्ली कानात हेडफोन घालून बसता कारण थकायला होतं. समजू शकते. पण निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल गाड्यांतच प्रयोग केला होता, २०१४ मध्ये छापला, काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला सांगितलं, काहींना एकटं शांत बसा सांगितलं. लोकांचा आधीचा अंदाज होता की एकटं बसलेलं जास्त बरं वाटेल. झालं उलटं, बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. आता शिकागोची गाडी आणि आपली सकाळची फास्ट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, चौथ्या सीटवर अर्धं टेकून कोणी गप्पा मारा म्हणणार नाही मी. तरी येताना, परतीच्या गाडीत, आठवड्यातून दोन दिवस ठाण्यापर्यंत हेडफोन पिशवीत. नेहमी दिसणाऱ्या बाईला "आज उशीर झाला का" एवढंच. घट्ट मैत्री व्हायलाच पाहिजे असं नाही, तोंडओळखीच्या माणसांनीसुद्धा दिवस हलका होतो, आणि त्यांचं ओझं नसतं, त्यांच्या गोळ्या तुम्हाला द्यायच्या नसतात.

एक जुनी मैत्रीण पण हवी. आठवड्यातून एक फोन, ठरलेला वार, पंधरा मिनिटं. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा गुड मॉर्निंग यात धरायचा नाही.

वेळेचं बोलायलाच हवं कारण "ताई दहा मिनिटं आणू कुठून" हा प्रश्न खरा आहे. तुम्ही लिहिलंय पोळ्यांना बाई ठेवता येईल, परवडेल, पण सासूबाईंना आवडणार नाही आणि स्वतःलाही बरं वाटत नाही. अॅशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं काम आहे, व्हँकुव्हरमध्ये लोकांना एका शनिवार-रविवारी ४० डॉलर वस्तूंवर आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी ४० डॉलर वेळ वाचवणाऱ्या गोष्टीवर खर्च करायला दिले, आणि वेळ वाचवला त्या दिवशी लोक जास्त खूश होते. आपल्या घरांत दिवाळीला साडी घेताना कोणी विचार करत नाही पण महिन्याचे पोळीवालीचे पैसे मात्र उधळपट्टी वाटतात, हा हिशोब मला कधी पटलेला नाही. हवं तर पाच दिवस बाईंच्या पोळ्या आणि शनिवार-रविवार घरच्या, असं सासूबाईंशी बोलून बघा. पण एक अट, वाचलेल्या वेळात कपाट आवरायचं नाही. नव्याण्णव टक्के बायका कपाट आवरतात.

चालण्याचं सोडू नका, फक्त दहा हजाराचा आकडा सोडा. तो १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून आलाय, त्या यंत्राच्या नावातच दहा हजार होते. पुढे २०१९ मध्ये वयस्क बायकांवरच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात साधारण ७,५०० पावलांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसेनासा झाला, आणि ४,४०० पावलांनाही २,७०० पेक्षा बराच फरक होता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालायला सांगते. स्टेशनला रिक्षाऐवजी चालत गेलात, तेही सकाळच्या उजेडात, तर त्यातलं बरंच तिथेच भागतं आणि रात्रीची झोपही सुधारते.

कृतज्ञतेच्या डायरीबद्दल, ती रोज लिहू नका. सोंजा ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज लिहिलं की तिसऱ्या दिवशी "चांगलं घर, चांगला नवरा, चांगली मुलं" अशी यादी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे एवढं सगळं असून मी खूश नाही म्हणजे मीच कृतघ्न असा उलटा मार बसतो. मी हे फार वेळा बघितलंय, विशेषतः बायकांमध्ये. रविवारी दुपारी एकदाच, एकच प्रसंग, पण बारीक तपशिलाने. लिहायचा कंटाळा असेल तर ज्या माणसामुळे तो प्रसंग घडला त्याला फोन करून सांगा, मग तर डायरीची गरजच नाही.

घरच्यांना जाहीर करायचं का? नका करू. जाहीर केलं की चौकशी सुरू होते, आज केलंस का, मग पुन्हा मार्क. फक्त तेवढी दहा मिनिटं कोणी हाक मारली तर "आले दहा मिनिटांत" म्हणायची प्रॅक्टिस करा, हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. मुलगा दहावीत असला तरी दहा मिनिटांत त्याचं काही बुडत नाही.

मुलीचं जाणं हा तुमच्या प्रश्नात एका ओळीत आलाय पण मला वाटतं तो बराच मोठा आहे. अठरा वर्षं ज्या माणसाभोवती दिवस आखला ते माणूस घरात नाही, आणि त्याबद्दल वाईट वाटतंय असं म्हणायची सोय नाही कारण ती तर चांगल्या कॉलेजात गेलीये, सगळे अभिनंदन करतायत. यावर सवय हे औषध नाही, थोडं रडू आलं तर येऊ द्यावं. पण तिला फोन करता तेव्हा "जेवलीस का, अभ्यास झाला का" याच्या आधी तुमच्या दिवसातलं काहीतरी सांगा, गाडीत काय झालं, कुंडीत काय उगवलं. मुलं अशा फोनवर जास्त वेळ थांबतात असा माझा अनुभव आहे.

दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा एकदा कालचा दिवस तसाच तुकडे पाडून लिहा आणि पहिला कागद शेजारी ठेवा. पहिला जपून ठेवा म्हणून आत्ताच सांगतेय, कपाटात नाही, पर्समध्ये. तुकड्यांत काहीच हललं नसेल, म्हणजे बरं वाटण्याची वेळ अजूनही तेवढीच असेल, तर सवय बदलत बसू नका, जवळच्या समुपदेशकाची अपॉइंटमेंट घ्या आणि जाताना दोन्ही कागद घेऊन जा, पहिल्या भेटीतला अर्धा तास वाचेल.